मराठीचा वर्ग आणि अध्यापकाचे श्रवण : किनवट परिसराच्या निमित्ताने

मराठीच्या अध्यापनासंबंधी विद्यापीठीय पातळीवर जी चर्चा होते ती प्रामुख्याने अभ्यासक्रम, संदर्भग्रंथ आणि मूल्यमापन यांच्याभोवती फिरते. अध्यापकाचा उल्लेख तीत येतो तो वक्ता म्हणून. त्याचा व्यासंग, त्याची मांडणी, त्याची वाणी यांचे गुणगान निरोपसमारंभात आणि गौरवग्रंथांत होत असते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र एकच तक्रार ऐकू येते, ती म्हणजे ते ऐकत नाहीत. वर्गात ऐकण्याचे काम विद्यार्थ्याचे आणि बोलण्याचे काम अध्यापकाचे, ही विभागणी इतकी स्वाभाविक मानली गेली आहे की अध्यापकाचे श्रवण हा स्वतंत्र विचाराचा विषय होऊ शकतो, हेच सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मराठवाड्यात तर वक्तृत्वाची प्रतिष्ठा काकणभर अधिकच आहे. ज्या नांदेडात नरहर कुरुंदकरांसारखा (१९३२-१९८२) वक्ता आणि प्राध्यापक होऊन गेला, त्या प्रदेशातील मराठीच्या अध्यापकाला आपणही व्यासपीठ गाजवावे असे वाटले तर त्यात नवल नाही. कुरुंदकरांच्या पिढीसमोर एक मोठे प्रबोधनाचे कार्य होते. निझामी राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या समाजाला अनेक गोष्टी प्रथमच सांगायच्या होत्या, आणि त्यासाठी वक्ता हवाच होता. परंतु त्या वक्तृत्वाची केवळ लकब पुढे चालत आली. आज अनेक वर्गांत वक्तृत्वही उरलेले नाही. उरले आहे ते उतरवून देणे. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत वह्या उघड्या, माना खाली आणि अध्यापकाच्या तोंडून परीक्षोपयोगी मुद्द्यांची संथ धार. या व्यवस्थेत विद्यार्थ्याने बोलावे असा क्षणच उद्भवत नाही, आणि मग विद्यार्थी बोलत नाहीत अशीही तक्रार होते.

या विभागणीला परंपरेचा आधार आहे असे समजले जाते. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, आणि श्रवण शिष्याने करायचे, असा तो आधार. पण मराठी वाङ्मयाची परंपरा एवढी एकेरी नाही. ‘ज्ञानेश्वरी’तील श्रोते मुके नाहीत. ते मध्येच बोलतात, वक्ता प्रतिपाद्य विषयापासून दूर जाऊ लागला की त्याला मूळ वाटेवर आणतात, आणि वक्ताही त्यांच्या अवधानाची याचना करताना संकोचत नाही. ‘दासबोधा’तील कितीतरी समासांची रचना श्रोत्याच्या आशंकेवर उभी आहे. श्रोता शंका घेतो म्हणून निरूपण पुढे सरकते. या ग्रंथांतील वक्ता श्रोत्याचे ऐकणारा वक्ता आहे. एम.ए.च्या वर्गात हे ग्रंथ शिकविताना ‘संवादात्मक शैली’ हा त्यांचा विशेष म्हणून फळ्यावर लिहिला जातो आणि तो लिहून देताना वर्गात संवाद मात्र घडत नाही. ही विसंगती एखाद्या व्यक्तीची नाही. ती सवयीने आलेली आहे.

श्रवणाची याहून थोर कथा महानुभाव वाङ्मयात आहे, आणि ती किनवटच्या वर्गाला विशेष जवळची आहे, कारण माहूर येथून हाकेच्या अंतरावर. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या लीळा नागदेवाचार्य आठवीत राहिले, आणि त्या आठवणी लिहून काढाव्यात असे म्हाइंभटाला वाटले. म्हाइंभट मुळात विद्वान, वादाची हौस असलेला, विद्येचा अभिमान बाळगणारा. चक्रधरांकडेही तो प्रथम आला तो श्रोता म्हणून नव्हे. असा मनुष्य पुढे ज्याने ज्याने चक्रधरांना पाहिले-ऐकले होते त्याच्या त्याच्याकडे जातो आणि त्याचे म्हणणे टिपून घेतो, ही मराठी गद्याच्या आरंभीची घटना आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या ‘लीळाचरित्रा’त विद्वानांबरोबरच साध्या स्त्रीपुरुषांचे बोलणे त्यांच्या त्यांच्या वळणाने आले आहे. प्रसंग कोठे घडला, कोणी काय विचारले, त्या वेळी कोण जवळ होते, हे बारकावे गाळले गेले नाहीत. पुढे मूळ पोथी हरवल्यावर हिराइसेसारख्या स्त्रीच्या स्मरणाचा आधार घेतला गेला, आणि परशरामबास, रामेश्वरबास अशा नावांनी वेगवेगळे पाठ राखले गेले. एकाची आठवण दुसऱ्याच्या आठवणीशी जुळली नाही तर एक खोटी ठरवून टाकून देण्याची घाई या परंपरेने केली नाही.

केसोबासांचा ‘सूत्रपाठ’ हा याच सामग्रीतून निघालेला वेगळ्या प्रकारचा ग्रंथ आहे. त्यात चक्रधरांची वचने प्रसंगापासून वेगळी करून सूत्ररूपाने मांडली आहेत. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला त्याचे मोल मोठे आहे. परंतु वर्गातील अध्यापकाचे ऐकणे कोणत्या ग्रंथासारखे असावे, असा प्रश्न विचारला तर उत्तर ‘लीळाचरित्र’ हेच द्यावे लागेल. विद्यार्थी बोलू लागला की त्यातून परीक्षेला लागणारे सूत्र तेवढे वेचायचे आणि बाकीचा पाचोळा समजून सोडून द्यायचा, ही आजची रीत आहे. विद्यार्थ्याचे म्हणणे त्याच्या प्रसंगासह, त्याच्या आडवळणासह ऐकले जात नाही. ‘स्मृतिस्थळा’तील एक प्रसंग मराठीचे सर्व अध्यापक उत्साहाने सांगतात : संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केसोबासांना नागदेवाचार्यांनी थांबविले, कारण त्यामुळे पंथातील साध्यासुध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकल्या असत्या. ही गोष्ट मराठीच्या अभिमानाची म्हणून सांगितली जाते. ती मुळात श्रोत्याच्या काळजीची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा या प्रसंगाचे स्मरण पुन्हा झाले असेल. किनवटच्या वर्गात मात्र त्याचा अर्थ थोडा बदलतो, कारण येथे काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत संस्कृतची जागा प्रमाण मराठीने घेतलेली आहे.

किनवट हा तालुका पैनगंगेच्या काठचा, एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला तेलंगणातील आदिलाबाद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तो हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. महाविद्यालयाच्या वर्गात जी मुले येऊन बसतात त्यांच्या घरची बोली एक नसते. कोलामांच्या पोडावर कोलामी, गोंडांच्या वस्तीत गोंडी, तांड्यावर गोरमाटी, सीमेलगतच्या काही घरांत तेलुगू, मुसलमान घरांत दखनी वळणाची उर्दू, आणि आंध व इतर समाजांत मराठवाडी व वऱ्हाडी यांच्या सीमेवरची मराठी. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा. गोरमाटीचे नाते राजस्थानीशी. २०१३ मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात या भाषांची नोंद आहे, आणि तो खंड पदव्युत्तर विभागाच्या कपाटात असायला हरकत नाही. प्रश्न कपाटाचा नाही. कपाटातल्या नोंदीचा वर्गातल्या विद्यार्थ्याशी संबंध जोडला जातो किंवा नाही, हा आहे.

या परिसराने एकदा असा संबंध जोडलेला पाहिला आहे. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीमू मारला गेला आणि आदिलाबादच्या गोंडांचा उठाव दडपला गेला. त्यानंतर निझाम सरकारला या लोकांची स्थिती समजून घेण्याची आवश्यकता वाटली आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे ते काम आले. तो मार्लवाई या गोंड खेड्यात राहिला. त्याच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले आणि गोंडी भाषेतील वाचनपाठ देवनागरी लिपीत तयार झाले. ज्या राज्यात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिक्षण देत होते आणि शासनाची भाषा उर्दू होती, त्या राज्याच्या एका कोपऱ्यात गोंड मुलांना प्रथम अक्षर ओळखायला मिळाले ते स्वतःच्या भाषेत आणि नागरीत. हायमेनडॉर्फचे कार्य राजसत्तेच्या सोयीतून जन्मले होते, हे विसरण्याचे कारण नाही. ऐकण्याची गरज सत्तेला उठावानंतर भासली, हेही त्यातच आले. पण त्या योजनेची एक गोष्ट शिक्षणदृष्ट्या निर्विवाद आहे : शिकविण्याआधी कोणी तरी त्या भाषेत बोलणाऱ्यांत जाऊन राहिले होते.

याच आदिलाबादच्या आदिवासी भागात सेतुमाधवराव पगडी यांनी अधिकारी म्हणून काम केले. मराठी वाचकाला ते इतिहासकार म्हणून परिचित आहेत. निलंग्याचा हा मनुष्य गोंडी आणि कोलामी शिकला आणि त्या भाषांची व्याकरणे त्याने इंग्रजीत लिहिली. पुढे १९५५ मध्ये एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील प्रसिद्ध ग्रंथ कॅलिफोर्नियातून आला. म्हणजे किनवटच्या पोडावर जी भाषा बोलली जाते तिचे व्याकरण सत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. एखाद्या अधिकाऱ्याला कारभार सांभाळून जे जमले ते भाषेचाच व्यवसाय करणाऱ्या मराठी विभागांना का जमू नये, हा प्रश्न कटू वाटला तरी रास्त आहे.

व्याकरणाचे एक उदाहरण घेऊ. मराठीत तीन लिंगे आहेत आणि क्रियापद त्यांच्यामागे जाते. कोलामी व गोंडी या भाषांत विभागणी निराळी आहे. एकवचनात पुरुषवाचक शब्द एका बाजूला आणि उरलेले सारे दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या वर्गात स्त्रीही आली, बैलही आला, झाडही आले. या भाषेत वाढलेला विद्यार्थी मराठीत बोलताना आईविषयी किंवा बहिणीविषयी नपुसकलिंगी क्रियापद वापरून गेला, तर वर्गात हसू उमटते. अध्यापक चूक सुधारतो, आणि बहुधा तेवढेच ऐकतो. आई कोठे गेली, का गेली, तिचे काय झाले, हे त्या वाक्यात होते. ते ऐकायचे राहून जाते. हाच अध्यापक भाषाविज्ञानाच्या तासाला, कोकणीत तरुण मुलीसाठी नपुसकलिंग वापरतात, हे मोठ्या कौतुकाने सांगतो. मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद द्राविड भाषांच्या सहवासातून आला असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, हेही तो सांगतो. तो सहवास त्याच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसलेला असतो. पुस्तकात जे भाषासंपर्क म्हणून ओळखले जाते ते बाकावर केवळ अशुद्ध म्हणून ऐकू येते.

द्राविड भाषांची गोष्ट दूरची वाटत असेल तर घरची घ्यावी. ‘मी लिहायलोय’, ‘काय करायलास’ ही नांदेड-लातूरकडची रोजची क्रियापदे आहेत. ‘करू लागलो आहे’ या रचनेशी त्यांचे नाते लपून राहात नाही, आणि चालू क्रियेचा जो अर्थ ती दाखवितात तो प्रमाण भाषेतल्या ‘करतो आहे’ने तितका नेमका उमटतो असे नाही. स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी अध्यापकांचे आपसातले बोलणे याच क्रियापदांत चालते. वर्गाचा उंबरठा ओलांडला की तेच क्रियापद विद्यार्थ्याच्या तोंडी कानाला खटकते. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’ यांची कथा याहून निराळी नाही.

याहून गंभीर प्रश्न वाङ्मयाच्या आकलनाचा आहे. समजा, बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता शिकविली जात आहे. या आठ ओळींच्या कवितेवर मराठी समीक्षेत विपुल लिहिले गेले आहे. उदासीनता, अलिप्तता, मृत्यूचे सूचन असे अनेक अर्थ तिला लाभले आहेत, आणि ते परीक्षेच्या दृष्टीने सोयीचेही आहेत. वर्गात ‘हे झाड काय सुचविते’ असा प्रश्न येतो आणि एक मुलगी म्हणते, ‘उंबर असला की तिथं खाली पाणी असतंय.’ दुसरा एखादा माहूरकडचा मुलगा म्हणतो, ‘ते दत्ताचं झाड आहे.’ दोन्ही उत्तरे अपेक्षित उत्तरांत बसत नाहीत. ‘बरं, आणखी कोणी?’ एवढ्या दोन-तीन शब्दांत ती बाजूला सरतात. त्यानंतर ती मुलगी त्या सत्रात पुन्हा बोलण्याची शक्यता थोडीच.

वस्तुतः तिने जे सांगितले ते कवितेच्या गाभ्याजवळचे आहे. उंबराखाली पाणी असते हा गावकऱ्यांचा अनुभव वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील भूजलविषयक प्रकरणातही नोंदलेला आहे. बालकवींच्या कवितेतले झाड पाण्याशी जडलेले आहे. झाड आणि पाणी यांचे हे नाते ज्या मुलीला अंगणातल्या अनुभवातून ठाऊक आहे तिला पुढचा प्रश्न विचारता आला असता : पाणी दाखविणारे झाड उदास का वाटावे? आणि दत्ताचे झाड म्हणणाऱ्याला विचारता आले असते : विरक्त दैवताचे झाड कवीने निवडले यात काही अर्थ दिसतो का? कदाचित उत्तर आले नसते. कदाचित असे उत्तर आले असते की जे कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. मराठी समीक्षेला नवे वाचक हवे आहेत असे प्रत्येक चर्चासत्रात म्हटले जाते. ते वाचक वर्गात बसलेले असतात आणि ‘आणखी कोणी?’ या शब्दांनी गप्प केले जातात.

प्रमाण भाषेचा आग्रह हा या विचाराला घेतला जाणारा पहिला आक्षेप, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. पोडावरून वा तांड्यावरून आलेल्या मुलाला उद्या सेट-नेट द्यायची आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीला बसायचे आहे. त्याची भाषा जशी आहे तशी राहू द्या असे म्हणणारा अध्यापक स्वतः प्रमाण भाषेच्या बळावर वेतन घेत असतो. ही उदारता त्या मुलाला परवडणारी नाही. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, आणि ती नीट शिकविणे हे मराठी विभागाचे कर्तव्य आहे. परंतु सुधारणा केव्हा करायची याला महत्त्व आहे. वाक्य मध्येच तोडून लिंग दुरुस्त करणे आणि म्हणणे पुरते ऐकून, त्यावर प्रतिसाद देऊन, नंतर तेच म्हणणे प्रमाण मराठीत कसे लिहावे हे दाखविणे, या दोन कृतींत विद्यार्थ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या कृतीने तो भाषा शिकत नाही, बोलणे टाळायला शिकतो. दुसरीत त्याच्याजवळ काही सांगण्यासारखे आहे हे आधी मान्य होते आणि मगच त्याला वेगळी वस्त्रे दिली जातात. मराठवाड्यातील मराठी घरांतल्या मागच्या पिढ्यांनी उर्दू माध्यमाच्या शाळेत काय सोसले याच्या आठवणी आत्मचरित्रांतून आणि घराघरांतल्या बोलण्यातून अजून शिल्लक आहेत. घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असली म्हणजे हुशार मूलही मंद दिसते, हे या प्रदेशाला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण आक्षेपातून येत नाही, ती कौतुकातून येते. स्नेहसंमेलन आले की आदिवासी विद्यार्थ्याची आठवण होते, त्याला दंडार बसवायला सांगितले जाते, बंजारा मुलींना त्यांचा पेहराव करून येण्यास सुचविले जाते. लोकसाहित्याच्या तासाला ‘तुमच्याकडे लग्नात कोणती गाणी म्हणतात’ असे विचारले जाते. विचारण्यात वाईट काही नाही; पण जो विद्यार्थी केवळ गाण्यापुरता विचारला जातो त्याला केशवसुतांविषयी किंवा मर्ढेकरांविषयी काही म्हणायचे असेल हे गृहीतच धरलेले नसते. वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता अनेक अभ्यासक्रमांत आहे. व्यासपीठावर चढलेले इतर लोक आदिवासींना त्यांचेच दुःख सांगत राहतात आणि आदिवासी खाली बसून ऐकतात, असा तिचा आशय. ती शिकविताना अध्यापक व्यासपीठावर उभा असतो आणि आदिवासी विद्यार्थी खाली बसून तिचा आशय लिहून घेत असतो. यापेक्षा बोलके चित्र दुसरे मिळणे कठीण आहे. भुजंग मेश्राम यांच्या कवितेतील बोलींचे, लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’तील (१९८७) भाषेचे रसग्रहण भरभरून होते, ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्याचेही सांगितले जाते. मुद्रित झालेली बोली आदरणीय ठरते. बाकावरून उठून बोललेली तशी ठरत नाही.

श्रवण हा केवळ सद्भावनेचा विषय मानला तर त्यातून काही निष्पन्न होणार नाही. त्याला तंत्रही आहे, आणि त्याची साधी बाजू पाहण्यासारखी आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून असे दाखविले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतो आणि मग दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच उत्तर देतो. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढविला तेव्हा उत्तरे लांबली, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली. विद्यार्थ्याचे वाक्य संपल्यावरही तेवढेच थांबल्याचा परिणाम तिने नोंदविला. किनवटच्या वर्गात या तीन सेकंदांना अधिकच अर्थ आहे. ज्याला प्रश्न मराठीत ऐकून, मनात गोरमाटीत किंवा कोलामीत घोळवून, पुन्हा मराठीत आणायचा आहे त्याला सेकंदभराच्या विरामात उत्तर देता येणे शक्य नाही. त्याचे मौन हे अज्ञान नसून भाषांतर असू शकते. वक्तृत्वात मुरलेल्या अध्यापकाला हे तीन सेकंद फार जड जातात, हेही खरे. शांतता म्हणजे तास पडला अशी त्याची समजूत असते.

परिस्थितीचा भाग सोडून अध्यापकावरच सारा भार टाकणे अन्यायाचे होईल. ग्रामीण महाविद्यालयांत मराठीचे किती तरी तास तासिका तत्त्वावर नेमलेले अध्यापक घेतात. तासामागे मानधन, पुढच्या वर्षीची खात्री नाही, आणि सकाळी एका गावी व दुपारी दुसऱ्या गावी धावपळ. अशा अध्यापकाने विद्यार्थ्याचे निवांत ऐकावे अशी अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थेने त्याचे स्वतःचे म्हणणे कधी ऐकलेले नसते. सत्रपद्धतीत अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी बाके रिकामी असतात, आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून दुपारनंतर विद्यार्थ्यांचे लक्ष दाराकडे असते. हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की उतरवून देण्यात जो वेळ जातो त्याला यांपैकी कोणतेही कारण पुरत नाही. मजकूर छापून किंवा मोबाइलवर पाठवून देता येतो. तो तोंडाने सांगून हाताने लिहून घेण्याची प्रथा आता केवळ शांतता राखण्यापुरती उरली आहे.

मराठी विभागांजवळ श्रवणाची पद्धती नाही असे नाही. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत क्षेत्रीय अभ्यास असतो. विद्यार्थ्यांना गावात पाठविताना काय शिकविले जाते? सांगणाऱ्याला मध्ये तोडू नका. त्याचा शब्द बदलू नका. त्याने वापरलेले क्रियापद तसेच टिपा. सांगणारा थांबला तर थांबा. तो विषयांतर करीत आहे असे वाटले तरी टिपून ठेवा, कारण महत्त्वाचे तेथेच असू शकते. मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसाहित्याच्या संशोधनाला शिस्त लावली, आणि त्या शिस्तीचा फार मोठा भाग ऐकण्याचा होता. वृद्ध माहितीदाराला जो मान दिला जातो तोच त्याच्या नातीला वर्गात का मिळू नये, याचे शास्त्रीय उत्तर देता येत नाही. आजी सांगते ती सामग्री आणि नात सांगते ती चूक, असा निवाडा कोणत्याही भाषाविज्ञानात बसत नाही.

अंतर्गत मूल्यमापनात आज चर्चासत्र, मौखिक परीक्षा, प्रकल्प अशा नावांनी काही गुण राखीव असतात. बहुसंख्य ठिकाणी चर्चासत्र म्हणजे विद्यार्थ्याने संकलित केलेला मजकूर वाचून दाखविणे आणि मौखिक परीक्षा म्हणजे ग्रंथांची व ग्रंथकारांची नावे विचारणे. नवे परिपत्रक न काढताही येथे बदल होऊ शकतो. सत्रातील चार-पाच तास असे ठेवता येतील की ज्यांत एखादी लहान कविता वा ‘लीळाचरित्रा’तील एखादी लीळा मोठ्याने वाचली जाईल, विद्यार्थी ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलतील, आणि अध्यापक फळ्याकडे न जाता मागच्या बाकावर वही घेऊन बसेल. कोलामीत वा गोरमाटीत कोणी बोलला तर त्याचा वर्गमित्र मराठीत अर्थ सांगेल. वहीत चुका टिपायच्या नाहीत. कोण काय म्हणाला ते टिपायचे, नावासह, म्हाइंभटाच्या रीतीने. पुढच्या तासाला त्या वहीवरून बोलायचे, आणि प्रमाण मराठीत लेखन कसे करावे हेही त्याच म्हणण्यांच्या आधारे शिकवायचे. अशा वह्या वर्षानुवर्षे जपल्या गेल्या तर ‘औदुंबर’ किनवटच्या वर्गात कसा वाचला जातो याची नोंद विभागाजवळ राहील. आज विभागाजवळ उपस्थितीपट आहेत आणि गुणपत्रकांच्या प्रती आहेत. त्या मुलीने उंबराखालच्या पाण्याविषयी आणखी काय सांगितले असते हे त्यांतल्या कोणत्याही कागदावर सापडत नाही.